कान बदललेली बंदूक

दोनशे वर्षं जुनी ठासणीची बंदूक हातात आली की पहिलं काम एकच. ती भरलेली तर नाही ना, हे बघायचं. शेवटच्या माणसाने दारू आणि गोळी ठासली, ती उडवायची राहून गेली आणि बंदूक तशीच भिंतीवर गेली, असं खरंच घडलेलं असतं. म्हणून एक पातळ लाकडी काठी नळीत अगदी तळाला लागेपर्यंत सोडायची, नळीच्या तोंडाशी काठीवर पेन्सिलने खूण करायची. मग तीच काठी नळीला बाहेरून लावायची. तिचं टोक कानापाशी पोचलं तर नळी रिकामी. इंचभर अलीकडे थांबलं तर बंदूक खाली ठेवायची आणि जाणत्या माणसाला बोलवायचं.

कान म्हणजे नळीच्या बुडाशी असलेलं बारीक छिद्र. रंजक, म्हणजे बाहेर वाटीत ठेवलेली चिमूटभर दारू. तिची आग त्यातूनच आतल्या दारूपर्यंत जाते. तोफेच्या कानात खिळे ठोकले असं आपण शाळेत वाचलेलं असतं, तोच हा कान.

माझी काठी कानापर्यंत पोचली. नळी सोळा इंचाची आणि रिकामी. नोव्हेंबरातला शनिवार होता, इंग्लंडात लीड्सला दुपारी चारलाच अंधार झाला होता, आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुन्या चादरीवर माझी पहिली पॅजेट कार्बाइन, म्हणजे घोडेस्वाराची आखूड बंदूक, पडली होती. पाच वर्षं मी तिची वाट पाहत होते.

घोडदळाच्याच बंदुका का जमवतेस, असं मला नेहमी विचारतात. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, जयपूरला ६१ कॅव्हलरीत दफेदार होते. जगात घोडदळाच्या पलटणी आता फार उरलेल्या नाहीत, त्यातली ही एक. तिथे राजपूत, कायमखानी आणि मराठे सवार असतात. माझं लहानपण खोगिराच्या चामड्याच्या आणि लिदीच्या वासात गेलं. पुढे नोकरीच्या निमित्ताने लीड्सला आले. इथे रॉयल आर्मरीज हे शस्त्रांचं मोठं संग्रहालय आहे, १९९६ साली उघडलेलं. पहिल्या वर्षी दर रविवारी जायला तेवढी एकच जागा मला ठाऊक होती. तिथे एका काचेमागे आखूड बंदुकांची रांग बघताना एक प्रश्न डोक्यात शिरला आणि तो अजून गेलेला नाही. चालत्या घोड्यावर बसलेला माणूस ठासणीची बंदूक भरतो कशी?

पायदळाचा शिपाई बंदूक जमिनीवर टेकवतो, काडतुसाचा कागद दातांनी फोडतो, दारू नळीत ओततो, गोळी सोडतो, गज काढून ठासतो, गज परत जागेवर सरकवतो. सवाराला जमीन नाही. एक हात लगामाला, खाली जनावर हलतंय. गज हातातून निसटला तर गेलाच, खाली उतरून कोण शोधणार? आणि गज नाही म्हणजे बंदूक नाही. ब्रिटिश घोडदळाच्या शंभर-सव्वाशे वर्षांच्या बंदुका मी या एका अडचणीवरची उत्तरं म्हणून बघते. माझा संग्रह म्हणजे तेवढाच. सातच नग आहेत, आणि प्रत्येक नग त्या प्रश्नाला वेगळं उत्तर देतो.

पॅजेटचं उत्तर मला सगळ्यात देखणं वाटतं. तिचा गज नळीच्या तोंडाशी एका फिरत्या कडीने कायमचा जोडलेला आहे. बाहेर ओढला की तो कडीवर वळतो, उलटा होऊन नळीत शिरतो, ठासून झालं की तसाच वळून परत खाली जातो. हातातून सुटला तरी लोंबकळत राहतो, पडत नाही. हेन्री पॅजेट हा ७ व्या लाइट ड्रॅगून्स या घोडदळी पलटणीचा अधिकारी, नेपोलियनशी झालेल्या युद्धांत घोडदळाचा सेनापती. वॉटर्लूला, १८ जून १८१५ रोजी, त्याचा पाय गेला. ही आखूड कार्बाइन त्याच्या नावाने ओळखली जाते. डाव्या अंगाला लोखंडी दांडी, दांडीवर सरकणारी कडी. सवाराच्या खांद्यावरून आडव्या गेलेल्या पट्ट्याचा आकडा या कडीत अडकवायचा, की बंदूक अंगाला टांगलेली राहते आणि दोन्ही हात मोकळे.

पुढची उत्तरं थोडक्यात सांगते, कारण मला पॅजेटवरच यायचंय. वेस्टली रिचर्ड्सची ‘मंकी टेल’ मागून भरायची. नळीवरचा लांब दांडा उचलायचा, तोच माकडाचं शेपूट, आणि कागदी काडतूस आत सारायचं. गजाची कटकट संपली, पण ठोका बसताच ठिणगी देणारी छोटी तांब्याची टोपी वेगळी लावावीच लागे. १८६७ च्या स्नायडर घोडदळी कार्बाइनमध्ये काडतूस पूर्ण झालं, टोपी त्याच्याच बुडात आली. मात्र उडालेलं काडतूस मागे ओढून, बंदूक पालथी करून खाली पाडावं लागे. १८७७ ची मार्टिनी-हेन्री कार्बाइन खालचा दांडा दाबला की रिकामं काडतूस स्वतःच बाहेर फेकते. तिचा धक्का सवाराला सोसेना म्हणून काडतूसच हलकं केलं: रायफलीला ८५ ग्रेन (ग्रेन हे वजनाचं बारीक माप) दारू आणि ४८० ग्रेनची गोळी, कार्बाइनला ७० आणि ४१०.

कायद्याचं आधी सांगायला हवं होतं. इथे १९६८ च्या फायरआर्म्स ॲक्टच्या कलम ५८(२) प्रमाणे शोभेची किंवा कुतूहलाची वस्तू म्हणून ठेवलेलं पुरातन शस्त्र परवान्याशिवाय ठेवता येतं. पुरातन म्हणजे काय, हे पूर्वी कायद्यात लिहिलेलं नव्हतं. २२ मार्च २०२१ पासून लागू झालेल्या नियमांत ते आलं: शस्त्र १ सप्टेंबर १९३९ पूर्वी बनलेलं हवं, आणि त्याची उडवायची पद्धत किंवा काडतूस ठरवून दिलेल्या यादीतलं हवं. ठासणीच्या बंदुका त्यात बसतात. पण तीच बंदूक उडवायचा विचार केला की सवलत संपते, परवाना लागतो. मी उडवत नाही. भारतातून काही आणायचा तर प्रश्नच नाही. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांवरची पुरावस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, आणि ते योग्यच आहे.

ही पॅजेट मी लिलावात घेतली. यादीत लिहिलं होतं: मूळ चकमकीची, उत्तम स्थितीत. चकमकीची म्हणजे गारेच्या ठिणगीने रंजक पेटवून उडणारी. बघायच्या दिवशी दहा मिनिटं हातात मिळाली. लॉकवर, म्हणजे बार पेटवणाऱ्या यंत्रावर, मुकुट, त्याखाली राजाची अक्षरं जी आणि आर, शेपटाकडे ‘टॉवर’, आणि मुकुटाखाली सरकारी बाण. सगळं जिथल्या तिथे. टॉवर हे बनवणाऱ्याचं नाव समजून नवखे लोक फसतात. ते लंडनच्या टॉवरमधल्या सरकारी शस्त्रखात्याचं नाव. नळ्या आणि लॉक बर्मिंगहॅम-लंडनचे कारागीर कंत्राटावर बनवत, तपासनीस ठसे मारत, जोडणी नंतर होई. हातोडा ९५० पौंडांवर पडला. त्यावर लिलावगृहाचे २५ टक्के, त्या २५ टक्क्यांच्या रकमेवर २० टक्के व्हॅट, असे मिळून १,२३५ पौंड झाले.

आता ते टेबल. लॉक काढायचं म्हणजे घोडा, म्हणजे चकमकीची गार पकडणारा लॉकवरचा भाग, अर्धा मागे ओढायचा, विरुद्ध अंगाचे दोन स्क्रू तीन-चार फेरे सैल करायचे, पूर्ण काढायचे नाहीत. मग स्क्रूच्या डोक्यांवर पेचकसाच्या लाकडी मुठीने हलके टिचके मारायचे, की लॉक सरळ बाहेर येतं. नखं घालून उचकटलं तर अक्रोडाच्या लाकडाची कड तुटते. दोनशे वर्षं टिकलेली कड माझ्या हातून तुटू नये म्हणून मी श्वास रोखून टिचके मारत होते. लॉक हातात आलं, मी ते कापडावर ठेवलं आणि टॉर्च कानावर धरला.

कानाभोवती एक गोल होता.

नाण्याची कड कागदावर घासली की उमटतो तसा, केसाएवढ्या रेषेचा पूर्ण गोल, करंगळीच्या नखापेक्षा लहान. गोलाच्या आतलं लोखंड बाहेरच्यापेक्षा उजळ. म्हणजे तिथे कधीतरी मोठं भोक होतं, ते आटे पाडलेल्या डाटाने बुजवलं आणि डाटाच्या मध्यावर नवीन बारीक कान पाडला. मी लॉकची पट्टी उलटी केली. वरच्या कडेला जिथे रंजकाची वाटी बसते, तिथे अर्धचंद्र आकारात धातू भरून घासलेला होता. आणि लाकूड! चकमकीच्या बंदुकीत वाटीच्या मागचं लाकूड वर्षानुवर्षांच्या रंजकाने काळं पडतं, खरबरीत होतं. माझ्या बंदुकीचं तिथलं लाकूड स्वच्छ, तपकिरी.

पुढचं कळायला वेळ लागला नाही. ही बंदूक चकमकीची म्हणून जन्मली, नंतर टोपीची झाली, आणि आणखी नंतर कुणीतरी तिला परत चकमकीची केली. पहिला बदल सैन्याचा किंवा त्या काळच्या मालकाचा. तो अगदी साहजिक होता. १८३० नंतर टोपीने चकमकीला मागे सारलं. पाऊस असला तरी टोपी पेटते, वाऱ्याने रंजक उडत नाही.  पण दुसरा बदल विक्रीसाठी होता. चकमकीच्या बंदुकीला जास्त भाव मिळतो, म्हणून टोपीचा नळकांडा काढून वाटी, फ्रिझन (गार जिच्यावर आपटते ती पोलादी पट्टी), घोडा नव्याने बसवलेले.

मी लिलावगृहाला फोटो पाठवले. उत्तर आलं की यादीतलं वर्णन हे मत आहे, हमी नाही, वस्तू बघून घेतलेली आहे. मला खूप लागलं. पैशापेक्षा ‘मूळ’ हा शब्द इतक्या सहज लिहिला गेला याचं. ज्याच्या हाताखालून महिन्याला शंभर बंदुका जातात, त्याला लॉक काढून बघायला पाच मिनिटं पुरली असती.

ज्यांनी मला हे सगळं शिकवलं ते एक निवृत्त बंदूकसाज आहेत, बर्मिंगहॅमच्या गन क्वार्टरमध्ये, म्हणजे बंदूक कारागिरांच्या वस्तीत, शिकलेले. मी त्यांना मनात गुरुजी म्हणते. पहिल्याच वर्षी एका मेळ्यात मी मार्टिनी कार्बाइनसाठी पाकीट काढलं, तेव्हा त्यांनी माझ्या मनगटावर बोट ठेवून थांबवलं होतं. ती खैबर खिंडीकडच्या कारागिराने बनवलेली नक्कल होती. ‘एनफील्ड’ या सरकारी कारखान्याच्या नावातलं एन अक्षर उलटं, आणि मुकुटाखाली व्हिक्टोरिया राणीची अक्षरं, खाली साल १९०४. राणी जानेवारी १९०१ मध्येच वारली होती. तशा नकलांवरही माझं प्रेम आहे, त्यांच्यामागे कमालीची हातोटी आहे, फक्त नक्कल म्हणून त्या विकल्या जायला हव्यात.

पॅजेट घेऊन मी गुरुजींकडे गेले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून बंदूक अर्धा तास नुसती फिरवून पाहिली. म्हणाले, काम चांगल्या हाताचं आहे, घाईचं नाही. नळी, दस्ता, दांडी, कडी, गज, ट्रिगरचं संरक्षक पितळ, लॉकची पट्टी: सगळं एकत्र जन्मलेलं आहे. खोटं काय, तर वाटी, फ्रिझन, घोडा आणि कान. मग त्यांनी कुंद्यावरच्या लाकडात मला न दिसलेला ठसा दाखवला. दोन बाण, टोकाला टोक लावलेले. सरकारी नोकरीतून विकून टाकलेल्या मालाची खूण. कुंद्याच्या पितळी पट्टीवर कोरलेलं होतं: डी, खाली ३१. तुकडीचं अक्षर आणि बंदुकीचा नंबर. पलटणीचं नाव नाही.

आता इथे मोह होतो. वॉटर्लूची पॅजेट म्हणून विकल्या जाणाऱ्या बंदुका मी इतक्या पाहिल्यात की ते सगळे सवार उभे केले तर लढाईला जागा पुरणार नाही. पुण्याच्या मावशीने फोनवर विचारलं, “अगं, आपल्या असईच्या लढाईतली असेल का गं?” तिलाही वाटणं साहजिक आहे, १९ वे लाइट ड्रॅगून्स असईला होतेच. पण असई २३ सप्टेंबर १८०३ ची, आणि पॅजेट कार्बाइन तिच्यानंतरची. नाही जुळत. ईस्ट इंडिया कंपनीची असती तर लॉकवर कंपनीचा शिक्का असता, १८०८ पर्यंत बदामाच्या आकाराचा आणि त्यानंतर मागच्या पायांवर उभा सिंह. तोही नाही. डी ३१ एवढंच कळतं, आणि मी तेवढंच सांगते.

टोपीची परत करायची का, यावर मी महिनाभर विचार केला. गुरुजी म्हणाले, तिसऱ्यांदा बदललीस तर तू तिसरी बदलणारी होशील. मग मी हात आवरला. फक्त साफसफाई केली. नळीवरचा लाल गंज तेलात आठ दिवस मुरवला आणि तांब्याच्या नाण्याच्या कडेने हळूहळू खरवडला. तांबं लोखंडापेक्षा मऊ, ते गंज काढतं पण खालचा काळसर तपकिरी रंग तसाच ठेवतं. हा रंग म्हणजेच बंदुकीचं वय, पॉलिश करून चकाकवली की ते गेलं. लाकडाला जवसाचं कच्चं तेल, बोटाने, थेंब थेंब, आणि लगेच पुसून काढायचं. शेवटी ब्रिटिश म्युझियममध्ये तयार झालेलं रेनेसान्स मेण, अगदी पातळ. नळी दस्त्यापासून मी वेगळी केली नाही. ते काम माझ्या हाताचं नाही.

मेण लावताना लक्षात आलं की दस्त्याची दोन अंगं सारखी नाहीत. दांडीकडचं डावं अंग गुळगुळीत, साबणाच्या वडीसारखं झिजलेलं. उजव्या, लॉककडच्या अंगाला मात्र आडव्या बारीक खाचा, जणू कुणी पुन्हा पुन्हा लोखंडाने टोकलंय. मी त्याचा अर्थ लावू शकले नाही. त्या रात्री अण्णांना व्हिडिओ कॉल केला. साताऱ्याकडे पहाटेचे साडेपाच, ते चहा घेत ओट्यावर बसले होते.

“जवळ धर,” ते म्हणाले. “आता फिरव. सावकाश.” बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “पट्टा डाव्या खांद्यावरनं असणार, बंदूक उजव्या मांडीला. तोंड खाली. म्हणजी दांडीची बाजू आत, मांडीला आन् खोगिराला. दिवसभर चालीवर घासून घासून गुळगुळीत झालीया. आन् बाहेरची बाजू बघ की. आम्ही रांगेत कसं चालतो? रिकिबीला रिकीब लागती. शेजारच्याची रिकीब बसतीया तिथं.”

पाच वर्षांत वाचलेलं काहीच इतकं सरळ नव्हतं.

गेल्या जूनमध्ये अण्णा आणि आई लीड्सला आले. आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी बंदूक मागितली. मी नकली पट्टा आणून ठेवला होता, जुन्या नमुन्याचा, पितळी आकड्यासह. त्यांनी तो डाव्या खांद्यावरून घेतला, आकडा कडीत अडकवला आणि हात सोडला. बंदूक आपोआप उजव्या मांडीला जाऊन लागली, तोंड खाली, झिजलेलं अंग आत. अण्णा बहात्तर वर्षांचे आहेत, पण पाय थोडे फाकवून ताठ उभे राहिले तसे स्वयंपाकघरात खोगिरावरच बसल्यासारखे दिसले. आईने ओट्यावरचं काम थांबवलं.

मग त्यांनी बंदूक वर घेतली, डाव्या हातात पेलली आणि उजव्याने गज ओढला. कडीवर गज वळला, नळीच्या तोंडाशी आला. पहिल्यांदा अडखळले. दुसऱ्यांदा जमलं. तिसऱ्यांदा डोळे मिटून केलं. मध्येच मुद्दाम हात सोडला, गज लोंबकळत राहिला, त्यांनी न बघता तो पुन्हा पकडला.

“हुशार माणूस होता,” ते म्हणाले. मग थांबून, “पण पोरी, ह्यात दोन्ही हात गुंतल्यात. लगाम कुठाय?”

मी सांगितलं, तेच तर मला कळत नाही.

“मानेवर सोडायचा,” अण्णा म्हणाले. “घोडा मांड्यांनी धरायचा. पण त्याला जनावर तसं शिकवलेलं लागतंय. दोन वर्षं लागत्यात. बंदूक बनवणं सोपं काम.”

माझ्या नोंदवहीत प्रत्येक नगाला एक पान आहे. त्या रात्री मी पॅजेटचं पान पुरं केलं: नळी १६ इंच, मूळ. गज आणि कडी मूळ. लॉकची पट्टी मूळ, वाटी, फ्रिझन, घोडा नवे. कान बुजवून पुन्हा पाडलेला. कुंद्यावर विक्रीचे दोन बाण, डी ३१, पलटण अज्ञात. डावं अंग मांडीने झिजलेलं, उजव्या अंगावर शेजारच्या सवाराच्या रिकिबीच्या खाचा. शेवटच्या नोंदीपुढे लिहिलं: सांगणारे, माझे वडील, निवृत्त दफेदार, ६१ कॅव्हलरी.